हॅरी ओक्स

सर हॅरी ओक्स, पहिले बॅरोनेट (२३ डिसेंबर, इ.स. १८७४ – ८ जुलै, इ.स. १९४३) हे अमेरिकेत जन्मलेले, कॅनडात सोन्याच्या खाणीमुळे अतिशय श्रीमंत झालेले आणि आयुष्याच्या अखेरच्या काळात बहामास या ब्रिटिश वसाहतीत स्थायिक झालेले खाण-उद्योजक होते. ऐन दुसऱ्या महायुद्धात नासाऊ येथील राहत्या घरी त्यांची हत्या झाली. या प्रकरणी त्यांचे जावई आल्फ्रेड द मारिन्यी यांच्यावर खटला चालला व त्यांची निर्दोष मुक्तता झाली. त्यानंतर अन्य कोणावरही आरोप ठेवण्यात आला नाही. विसाव्या शतकातील सर्वाधिक चर्चिल्या गेलेल्या अनुत्तरित हत्या-प्रकरणांत या प्रकरणाची गणना होते. हत्येनंतरच्या पहिल्या दोन दिवसांत तपास ज्या पद्धतीने हाताळला गेला, त्यामुळे एका माणसावर फासावर जाण्याची वेळ आली होती आणि खऱ्या गुन्हेगाराचा माग कायमचा पुसला गेला, असे या प्रकरणाच्या बहुतेक अभ्यासकांचे मत आहे.

प्रारंभिक जीवन

ओक्स यांचा जन्म अमेरिकेतील मेन राज्यातील सँगरव्हिल या लहानशा गावी एका सुस्थित कुटुंबात झाला. त्यांचे वडील विल्यम पिट ओक्स हे वकिली करीत. आईचे नाव एडिथ नॅन्सी लुईस होते. या दांपत्याला पाच अपत्ये होती. हॅरी यांचे शालेय शिक्षण फॉक्सक्रॉफ्ट अकादमीत झाले. पुढे बोडन महाविद्यालयातून इ.स. १८९६ मध्ये ते पदवीधर झाले. त्यानंतर त्यांनी सिराक्यूज विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश घेतला.

त्याच सुमारास कॅनडाच्या वायव्येकडील क्लोंडाइक नदीच्या खोऱ्यात सोने सापडल्याच्या बातमीने सारा उत्तर अमेरिका खंड ढवळून निघाला होता. हजारो माणसे घरदार सोडून त्या बर्फाळ प्रदेशाकडे धाव घेत होती. ओक्स यांनीही इ.स. १८९८ मध्ये वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून अलास्काची वाट धरली. डॉक्टर होऊ घातलेल्या सुशिक्षित तरुणाने हातात कुदळ घेऊन अनिश्चिताच्या मागे लागावे, हा निर्णय त्या काळीही धाडसाचाच होता. त्यांच्या घरच्या मंडळींनी मात्र त्यांना वाऱ्यावर सोडले नाही. पुढील अनेक वर्षे ते वेळोवेळी आर्थिक मदत करीत राहिले.

सोन्याचा शोध

सुमारे तेरा-चौदा वर्षे ओक्स सोन्याच्या शोधात भटकत होते. अलास्का व युकॉनमधील गोठवणारी थंडी, कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅली या वाळवंटी प्रदेशातील होरपळ आणि ऑस्ट्रेलियातील खाणप्रदेश हे सारे त्यांनी अनुभवले. या काळात हाती फारसे काही लागले नाही. मात्र खडकांची जात ओळखणे, जमिनीखालील सुवर्णशिरांची दिशा ताडणे, सरकार-दरबारी खाणहक्काची नोंद करण्याचे नियम आणि भांडवल पुरवणाऱ्यांशी व्यवहार करताना बाळगावयाची सावधगिरी यांचे पक्के ज्ञान त्यांना या भटकंतीतून मिळाले. स्वभावातील हट्ट, तुटक बोलणे आणि कोणावर चटकन विश्वास न टाकण्याची वृत्तीही याच काळात घडली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

इ.स. १९११ च्या जून महिन्यात ते कॅनडाच्या ओंटारियो प्रांताच्या उत्तर भागातील कर्कलंड लेक परिसरात आले. या भागात येण्यासाठी उतरावे लागणाऱ्या रेल्वे स्थानकाचे नाव स्वस्तिक असे होते. जवळच्या एका सोन्याच्या खाणीवरून हे नाव रूढ झाले होते आणि त्या काळी पाश्चात्त्य देशांतही हे चिन्ह शुभ मानले जाई. दुसऱ्या महायुद्धात प्रांतिक सरकारने या गावाचे नाव बदलून विन्स्टन ठेवण्याचा घाट घातला, तेव्हा ग्रामस्थांनी विरोध करून जुनेच नाव टिकवले. तिकिटाला पैसे नसल्यामुळे ओक्स यांना याच ठिकाणी आगगाडीतून उतरवून दिले गेले, अशी एक लोककथा प्रसिद्ध आहे. तथापि ती कथाच मानली पाहिजे. ओक्स तेथे योजनापूर्वक आले होते.

कर्कलंड लेक येथील खाणी

खाणहक्क मिळवण्याची त्या काळची रीत अशी, की शोधकाने जमिनीच्या तुकड्याच्या चारही कोपऱ्यांवर खुंट ठोकून आपली खूण करावयाची, कचेरीत नोंद करावयाची आणि ठरावीक मुदतीत तेथे ठरावीक काम करून दाखवावयाचे. मुदत चुकली की हक्क रद्द होई व दुसऱ्या कोणालाही तो घेता येई. ओक्स यांनी जुन्या नोंदी बारकाईने तपासल्या आणि कोणते हक्क कधी मोकळे होणार आहेत यावर नजर ठेवली.

इ.स. १९१२ च्या आरंभी त्यांनी टफ बंधूंशी भागीदारी करून काही क्षेत्रांवर हक्क नोंदवला. अंगावर अनेक थरांचे कपडे चढवून कडाक्याच्या थंडीत रात्री हे खुंट ठोकण्यात आले, असे सांगितले जाते. यातून टफ-ओक्स ही खाण उभी राहिली आणि कर्कलंड लेक परिसरातून सोन्याचे उत्पादन सुरू झाले. परंतु ओक्स यांचे खरे लक्ष तळ्याकाठच्या दुसऱ्या क्षेत्राकडे होते. सोन्याची मुख्य शीर तळ्याच्या तळाखालून जात असावी, असा त्यांचा कयास होता. या क्षेत्रासाठी त्यांनी लेक शोअर माइन्स ही कंपनी स्थापन केली. सुरुवातीला भांडवल उभे करणे अतिशय कठीण गेले, समभागांना भाव मिळेना. तरीही कंपनीतील मोठा हिस्सा त्यांनी हातचा जाऊ दिला नाही. त्यांचा कयास अचूक ठरला आणि लेक शोअर ही पुढे अमेरिका खंडांतील सर्वात मोठ्या सोन्याच्या खाणींपैकी एक झाली. बड्या कंपन्यांना हक्क विकून मोकळे होणारे शोधक पुष्कळ होते. स्वतः शोधलेली खाण स्वतःच्या ताब्यात ठेवून धनाढ्य झालेले शोधक विरळा. ओक्स हे या दुसऱ्या वर्गातील होते.

विवाह व नायगारा फॉल्स येथील वास्तव्य

खाणीचा जम बसल्यावर ओक्स जगप्रवासाला निघाले. या प्रवासात जहाजावर त्यांची युनिस मॅकिन्टायर या ऑस्ट्रेलियन तरुणीशी ओळख झाली. ३० जून, इ.स. १९२३ रोजी सिडनी येथे त्यांचा विवाह झाला. ओक्स तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते व युनिस वयाने त्यांच्याहून बऱ्याच लहान होत्या. या दांपत्याला नॅन्सी, सिडनी, शर्ली, विल्यम पिट आणि हॅरी फिलिप अशी पाच अपत्ये झाली.

काही काळानंतर हे कुटुंब ओंटारियोतील नायगारा फॉल्स येथे राहावयास गेले. तेथे धबधब्याच्या वरच्या अंगाला त्यांनी ओक हॉल हे प्रशस्त निवासस्थान उभारले. या शहराला त्यांनी उद्यान व सार्वजनिक सुविधांसाठी जमिनी दिल्या, तसेच मंदीच्या काळात बेकारांना काम मिळावे म्हणून अनेक कामे काढली. धबधब्यासमोरील ओक्स गार्डन थिएटर हे खुले नाट्यगृह-उद्यान त्यांनी दिलेल्या जागेवरच उभे आहे.

बहामासकडे स्थलांतर

इ.स. १९३० च्या दशकात कॅनडातील करांचा बोजा ओक्स यांना जाचक वाटू लागला. देशातील सर्वाधिक कर भरणाऱ्यांत त्यांची गणना होत असे. आपण मृत्यू पावल्यास वारसाकरापोटी मिळकतीचा मोठा भाग सरकारजमा होईल, ही चिंताही त्यांना होती. याच सुमारास बहामासमधील जमीन-व्यवहारांचे मध्यस्थ हॅरोल्ड ख्रिस्टी यांच्याशी त्यांचा परिचय झाला. बहामासमध्ये आयकर नव्हता. ख्रिस्टी यांच्या आग्रहावरून इ.स. १९३५ च्या सुमारास ओक्स यांनी नासाऊ येथे बिऱ्हाड हलवले. या स्थलांतरामुळे कॅनडाच्या संसदेत व वृत्तपत्रांत त्यांच्यावर टीका झाली.

बहामासमध्ये ओक्स यांनी न्यू प्रॉव्हिडन्स बेटावरील फार मोठी जमीन खरेदी केली. नासाऊमधील ब्रिटिश कलोनियल हे प्रमुख हॉटेल त्यांनी विकत घेतले, गोल्फचे मैदान विकसित केले आणि विमानतळ बांधला. हा विमानतळ ओक्स फील्ड या नावाने ओळखला जाऊ लागला. बेटावरील बहुसंख्य जनता आफ्रिकी वंशाची व गरीब होती. ओक्स यांनी मजुरांसाठी बससेवा सुरू केली, मुलांसाठी व रुग्णांसाठी देणग्या दिल्या आणि शेकडो लोकांना रोजगार दिला. मजुरांसोबत स्वतः यंत्र चालवावयास किंवा झाडे तोडावयास उभे राहणारा हा धनिक स्थानिक गोऱ्या व्यापाऱ्यांना विक्षिप्त वाटे. ते बहामासच्या विधिमंडळाचे सदस्यही झाले. लंडनमधील सेंट जॉर्जेस रुग्णालयाला दिलेल्या मोठ्या देणगीनंतर इ.स. १९३९ मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. हा किताब वंशपरंपरागत असला, तरी त्यामुळे ब्रिटिश उमराव-सभेचे सदस्यत्व मिळत नाही.

नासाऊमधील परकीय समाज

हत्येचे प्रकरण समजून घेण्यासाठी त्या काळच्या नासाऊमधील गोऱ्या समाजाची रचना लक्षात घेणे आवश्यक आहे. शहराची आर्थिक सूत्रे बे स्ट्रीट या रस्त्यावरील मोजक्या व्यापारी-वकील कुटुंबांच्या हाती होती. त्यांच्या जोडीला कर चुकवण्यासाठी, हवापालटासाठी किंवा युद्धापासून दूर राहण्यासाठी आलेले ब्रिटिश, अमेरिकन, कॅनेडियन व युरोपीय धनिक होते. सारे एकमेकांच्या घरी जेवावयास जात, एकमेकांशी जमिनीचे व्यवहार करीत आणि एकमेकांविषयीच्या कुजबुजीत रमत.

इ.स. १९४० च्या ऑगस्टमध्ये ड्यूक ऑफ विंडसर हे वसाहतीचे गव्हर्नर म्हणून आले. आठवे एडवर्ड या नात्याने ते काही महिने ब्रिटनचे राजे होते, परंतु वॉलिस सिम्पसन या घटस्फोटित अमेरिकन स्त्रीशी विवाह करण्यासाठी त्यांनी डिसेंबर १९३६ मध्ये सिंहासनाचा त्याग केला होता. नाझी जर्मनीविषयीच्या त्यांच्या मवाळ भूमिकेमुळे ब्रिटिश सरकारने त्यांना युरोपपासून दूर ठेवणे पसंत केले, असे मानले जाते. गव्हर्नरच्या निवासस्थानाची डागडुजी सुरू असताना ड्यूक व डचेस काही काळ ओक्स यांच्या वेस्टबोर्न या घरीही राहिले होते.

जून १९४२ मध्ये विमानतळाच्या बांधकामावरील स्थानिक मजुरांनी, परदेशी कामगारांच्या तुलनेत मिळणाऱ्या तुटपुंज्या मजुरीविरुद्ध मोर्चा काढला. त्याचे रूपांतर दंगलीत झाले व बे स्ट्रीटवरील दुकाने फोडली गेली. ही घटना बर्मा रोड दंगल म्हणून ओळखली जाते. तिच्यानंतर वसाहतीतील गोरा समाज अस्वस्थ होता आणि प्रशासन आपल्या प्रतिष्ठेविषयी विशेष हळवे झाले होते.

कन्येचा विवाह

ओक्स यांची थोरली कन्या नॅन्सी हिने मे १९४२ मध्ये, अठरा वर्षे पूर्ण होताच अवघ्या दोन दिवसांत, आईवडिलांना न कळवता न्यूयॉर्क येथे आल्फ्रेड द मारिन्यी यांच्याशी विवाह केला. मारिन्यी हे मॉरिशसमधील फ्रेंच वंशाच्या कुटुंबात जन्मलेले होते. ते बत्तीस वर्षांचे व दोनदा घटस्फोटित असून शिडाच्या होड्यांच्या शर्यतींत निपुण होते. त्यांच्या नावामागे काउंट ही पदवी लावली जाई, मात्र ते स्वतः तिचा आग्रह धरीत नसत. नासाऊमध्ये त्यांनी कुक्कुटपालन व अन्य व्यवसाय सुरू केले होते. गव्हर्नर व बे स्ट्रीटवरील मंडळींसमोर न झुकण्याच्या स्वभावामुळे ते त्या वर्तुळात अप्रिय होते.

ओक्स दांपत्याने हा विवाह नाखुशीने स्वीकारला. पुढील वर्षभरात सासरे-जावयांचे संबंध बिघडत गेले व त्यांच्यात उघड खटके उडाले. हेच खटके पुढे हत्येचा हेतू म्हणून न्यायालयासमोर मांडले गेले.

हत्या

जुलै १९४३ मध्ये लेडी ओक्स मुलांसह मेन राज्यातील बार हार्बर येथे होत्या. नॅन्सीही अमेरिकेत होती. ७ जुलैच्या रात्री ओक्स यांच्याकडे काही पाहुणे जेवावयास होते. ते गेल्यावर हॅरोल्ड ख्रिस्टी मुक्कामासाठी वेस्टबोर्नमध्येच थांबले. त्यांची व ओक्स यांची खोली एकाच मजल्यावर होती. त्या रात्री वादळी पाऊस झाला.

८ जुलैच्या सकाळी सातच्या सुमारास ख्रिस्टी यांना ओक्स त्यांच्या पलंगावर मृतावस्थेत आढळले. डाव्या कानाजवळ चार खोल जखमा होत्या व कवटीला तडे गेले होते. पलंग, मच्छरदाणी व मृतदेह काही प्रमाणात जळलेले होते आणि उशीतील पिसे मृतदेहावर विखुरलेली होती. रक्ताचा ओघळ कानाकडून नाकाच्या दिशेने गेलेला होता. मृतदेह मात्र उताणा पडला होता. यावरून मृत्यूनंतर तो हलवला गेला असावा, असा निष्कर्ष निघत होता. हत्यार कधीही सापडले नाही.

ख्रिस्टी यांच्या जबाबानुसार ते रात्री डास व पावसामुळे एक-दोनदा जागे झाले, परंतु त्यांना कसलाही आवाज ऐकू आला नाही अथवा धुराचा वास आला नाही.

तपास

बातमी समजताच ड्यूक ऑफ विंडसर यांनी वृत्तप्रसारणावर बंधने घालण्याचा प्रयत्न केला. परंतु त्यापूर्वीच नासाऊ डेली ट्रिब्यूनचे संपादक एटिएन द्युपुश यांनी ती तारेने जगभर पाठवली होती. यानंतर ड्यूक यांनी घेतलेला निर्णय प्रकरणाच्या दृष्टीने निर्णायक ठरला. स्थानिक पोलिसांकडे तपास न सोपवता, तसेच लंडनच्या स्कॉटलंड यार्डला पाचारण न करता, त्यांनी अमेरिकेतील मायामी शहराच्या पोलीस दलातील कॅप्टन एडवर्ड मेल्चेन व कॅप्टन जेम्स बार्कर यांना बोलावून घेतले. मेल्चेन हे ड्यूक यांच्या मायामी भेटीत त्यांच्या संरक्षणासाठी नेमले गेले होते. युद्धकाळात लंडनहून तज्ज्ञ येण्यास विलंब लागला असता, हे या निर्णयाचे समर्थन म्हणून सांगितले जाते. तथापि परकीय शहराच्या पोलिसांना ब्रिटिश वसाहतीतील हत्येचा तपास देण्याचे औचित्य तेव्हाही अनेकांना पटले नव्हते.

हे दोन अधिकारी बोटांच्या ठशांची छायाचित्रे घेण्याचा आवश्यक कॅमेरा सोबत न घेताच आले. घटनास्थळी अनेकांचा मुक्त वावर सुरू होता. खोलीतील रक्ताळलेल्या हातांच्या खुणांची योग्य नोंद ठेवली गेली नाही. बोटाचा अदृश्य ठसा मिळाल्यास त्यावर भुकटी टाकून तो प्रथम जागेवरच छायाचित्रित करावयाचा आणि मगच चिकट पट्टीने उचलावयाचा, हा त्या काळीही सर्वमान्य नियम होता. जागेवरचे छायाचित्र नसेल, तर ठसा नेमका कोठून आला हे सिद्ध करण्याचे साधनच उरत नाही. बार्कर यांनी छायाचित्र न घेता ठसे उचलले.

९ जुलै रोजी मारिन्यी यांना वेस्टबोर्न येथे चौकशीसाठी बोलावण्यात आले. चौकशीदरम्यान मेल्चेन यांनी त्यांना पेल्यात पाणी ओतावयास सांगितले. त्यांच्या हातांवरील केस भिंगातून तपासण्यात आले व ते होरपळलेले असल्याचा निष्कर्ष काढण्यात आला. हत्येच्या रात्री आपल्या घरी मेजवानी होती व काचेच्या झाकणातील मेणबत्त्या पेटवताना केस जळले, असे मारिन्यी यांचे म्हणणे होते. मेजवानीनंतर दोन महिला पाहुण्यांना घरी सोडण्यासाठी मध्यरात्रीनंतर ते वेस्टबोर्नवरून गेल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले. त्याच दिवशी सायंकाळी त्यांना हत्येच्या आरोपाखाली अटक झाली. मृतदेह सापडल्यापासून दोन दिवसही झाले नव्हते.

वसाहतीचे पोलीस आयुक्त रेजिनाल्ड अर्स्किन-लिंडॉप यांची खटला सुरू होण्यापूर्वीच त्रिनिदादला बदली झाली. घटनास्थळाची प्रत्यक्ष माहिती असलेल्या या अधिकाऱ्याची साक्ष खटल्यात झालीच नाही.

खटला

नासाऊच्या सर्वोच्च न्यायालयात मुख्य न्यायाधीश सर ऑस्कर डेली यांच्यासमोर ऑक्टोबर १९४३ मध्ये खटला सुरू झाला. सरकार पक्षातर्फे अ‍ॅटर्नी जनरल एरिक हॅलिनन व आल्फ्रेड अ‍ॅडर्ली, तर बचाव पक्षातर्फे गॉडफ्रे हिग्ज व अर्नेस्ट कॅलेंडर यांनी काम पाहिले. दोष सिद्ध झाल्यास शिक्षा फाशीची होती. महायुद्धाच्या बातम्यांनी भरलेल्या इंग्लंड-अमेरिकेतील वृत्तपत्रांनी या खटल्याला पहिल्या पानावर स्थान दिले. खटल्याच्या काळात ड्यूक व डचेस अमेरिकेच्या दौऱ्यावर होते.

पित्याच्या हत्येचा आरोप असलेल्या पतीच्या बाजूने नॅन्सी ठामपणे उभी राहिली. तिने न्यूयॉर्कमधील प्रसिद्ध खासगी गुप्तहेर रेमंड शिंडलर यांची नेमणूक केली आणि न्यायालयात पतीच्या बाजूने साक्षही दिली.

सरकार पक्षाची सारी भिस्त एका ठशावर होती. ओक्स यांच्या पलंगाजवळ ठेवलेल्या घडीच्या चिनी आडपडद्यावर मारिन्यी यांच्या उजव्या करंगळीचा ठसा सापडल्याचे सांगण्यात आले. हिग्ज यांच्या उलटतपासणीत हा पुरावा टिकला नाही. ठसा आडपडद्याच्या नेमक्या कोणत्या जागेवरून उचलला, हे बार्कर यांना खात्रीपूर्वक दाखवता आले नाही. पूर्वी खूण केलेली जागा ती नसल्याचे त्यांना मान्य करावे लागले. आडपडद्याच्या पृष्ठभागावर नक्षी होती, परंतु सादर केलेल्या ठशाच्या पार्श्वभूमीत ती उमटलेली नव्हती. उलट तेथे वर्तुळाकार खुणा दिसत होत्या. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथील ठसेतज्ज्ञ मॉरिस ओनील यांनी बचाव पक्षातर्फे साक्ष देऊन या विसंगतीस दुजोरा दिला. मारिन्यी यांना वेस्टबोर्नच्या वरच्या मजल्यावर केव्हा नेले होते, याविषयीची अमेरिकन अधिकाऱ्यांची वेळ स्थानिक पोलीस शिपायांच्या साक्षीशी जुळली नाही. हा फरक क्षुल्लक नव्हता. ठसा उचलण्यापूर्वीच मारिन्यी त्या मजल्यावर जाऊन आले असतील, तर ठसा हत्येच्या रात्रीचाच आहे असे म्हणता येत नव्हते. इतका महत्त्वाचा पुरावा हाती असूनही बार्कर यांनी तो आपल्या सहकाऱ्याला अनेक दिवस सांगितला नव्हता, हेही उघड झाले. हा ठसा चौकशीच्या वेळी हाताळलेल्या दुसऱ्याच वस्तूवरून घेतला असावा, असे बचाव पक्षाने सुचवले.

ख्रिस्टी यांची साक्षही वादग्रस्त ठरली. त्या रात्री आपण वेस्टबोर्न सोडलेच नाही, असे त्यांनी शपथेवर सांगितले. परंतु पोलीस अधिकारी कॅप्टन एडवर्ड सीअर्स यांनी, मध्यरात्रीच्या सुमारास ख्रिस्टी यांना शहरात एका मोटारीत बसलेले पाहिल्याची साक्ष दिली. सीअर्स हे ख्रिस्टी यांना लहानपणापासून ओळखत असल्यामुळे त्यांची नजरचूक होणे अवघड होते. सीअर्स यांची चूक झाली असावी, एवढेच ख्रिस्टी यांनी म्हटले.

न्यायाधीश डेली यांनी समारोपात अमेरिकन अधिकाऱ्यांच्या कार्यपद्धतीवर टीका केली. नोव्हेंबर १९४३ मध्ये ज्यूरीने सुमारे दोन तासांच्या विचारविनिमयानंतर ९ विरुद्ध ३ अशा बहुमताने मारिन्यी यांना निर्दोष ठरवले. मात्र त्याच वेळी त्यांना वसाहतीतून हद्दपार करावे, अशी शिफारसही ज्यूरीने केली.

अनुत्तरित प्रश्न

मारिन्यी यांच्या सुटकेनंतर तपास पुन्हा नव्याने सुरू झाला नाही. त्यामुळे या हत्येविषयी अनेक तर्क प्रचलित झाले. त्यांपैकी एकही न्यायालयात सिद्ध झालेला नाही.

पहिला तर्क ख्रिस्टी यांच्याविषयीचा आहे. ओक्स व ख्रिस्टी यांच्यातील जमिनीचे व्यवहार, ओक्स बहामास सोडून जाण्याच्या विचारात असल्याच्या वार्ता आणि सीअर्स यांची साक्ष यांच्या आधारे काही लेखकांनी ख्रिस्टी यांचा सहभाग असल्याचे सुचवले. ख्रिस्टी यांनी अखेरपर्यंत आपला संबंध नाकारला व त्यांच्यावर कधीही आरोप ठेवला गेला नाही.

दुसरा तर्क अमेरिकेतील संघटित गुन्हेगारीशी निगडित आहे. बहामासमध्ये जुगारगृहे काढण्याच्या मेयर लान्स्की यांच्या योजनेला ओक्स यांचा विरोध असल्यामुळे हत्या झाली, असे मार्शल हाउट्स यांच्या इ.स. १९७२ मधील पुस्तकात मांडले आहे. या मताला पुष्टी देणारा प्रत्यक्ष पुरावा मिळालेला नाही.

तिसऱ्या तर्काचा रोख युद्धकाळातील चलनव्यवहारांकडे आहे. स्वीडिश उद्योगपती अ‍ॅक्सेल व्हेनर-ग्रेन यांचे नासाऊजवळ मोठे निवासस्थान होते आणि ड्यूक यांच्याशी त्यांचा स्नेह होता. जर्मनीशी संबंध असल्याच्या संशयावरून मित्रराष्ट्रांनी त्यांना काळ्या यादीत टाकले होते. नासाऊमधील काही धनिक निर्बंध चुकवून मेक्सिकोत पैसा नेत होते व कसून चौकशी झाल्यास ते उघड झाले असते, म्हणून ड्यूक यांनी तपास आपल्या हाती ठेवला, असे या तर्काचे स्वरूप आहे. हा तर्क हत्या कोणी केली यापेक्षा तपास का फसला, याचे उत्तर शोधणारा आहे. ड्यूक यांचा निर्णय हेतुपुरस्सर होता की केवळ घाईचा व अननुभवाचा, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत.

नंतरच्या घटना

ओक्स यांच्यावर मेन राज्यातील डोव्हर-फॉक्सक्रॉफ्ट येथे अंत्यसंस्कार झाले. जेथे त्यांचे शालेय शिक्षण झाले, त्याच परिसरात त्यांचे दफन आहे. बॅरोनेट हा किताब त्यांचे थोरले पुत्र सिडनी यांच्याकडे गेला. सिडनी यांचा इ.स. १९६६ मध्ये मोटार अपघातात मृत्यू झाला.

मारिन्यी नॅन्सीसह क्युबात गेले. पुढे त्यांचा विवाह संपुष्टात आला. मारिन्यी यांनी काही काळ कॅनडाच्या सैन्यात सेवा केली व अखेरीस अमेरिकेत स्थायिक होऊन इ.स. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले. इ.स. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनपर पुस्तकात त्यांनी ख्रिस्टी यांच्यावर उघड आरोप केला. ड्यूक ऑफ विंडसर यांनी इ.स. १९४५ मध्ये गव्हर्नरपद सोडले. ख्रिस्टी यांना पुढे सर हा किताब मिळाला. बहामासच्या पर्यटन व जमीन-विकासाचे एक शिल्पकार म्हणून त्यांची ओळख राहिली. इ.स. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले.

वारसा

कर्कलंड लेक येथील ओक्स यांच्या जुन्या निवासस्थानात आज उत्तर ओंटारियोच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. नायगारा फॉल्स येथील ओक हॉलमध्ये नायगारा उद्यान आयोगाचे कार्यालय आहे. नासाऊमधील ओक्स फील्ड हा इ.स. १९५७ पर्यंत शहराचा मुख्य विमानतळ होता. त्या भागाला आजही तेच नाव असून बहामास विद्यापीठाचा मुख्य परिसर तेथे आहे. कॅनडाच्या खाण-उद्योगातील मान्यवरांच्या यादीत ओक्स यांचा समावेश करण्यात आला आहे.

या प्रकरणावर अनेक पुस्तके लिहिली गेली. त्यांत जेम्स लीसर यांचे इ.स. १९८३ मधील पुस्तक विशेष परिचित आहे. निकोलस रोग यांचा युरेका (इ.स. १९८३) हा चित्रपट ओक्स यांच्या जीवनावरून प्रेरित आहे. विल्यम बॉइड यांच्या एनी ह्यूमन हार्ट (इ.स. २००२) या कादंबरीतही या हत्येचा प्रसंग येतो.

पुस्तके व चित्रपटांमुळे ओक्स यांच्या मृत्यूची चर्चा त्यांच्या जीवनापेक्षा अधिक झाली. गुन्हे-तपासाच्या अभ्यासात मात्र हे प्रकरण वेगळ्या कारणासाठी उल्लेखिले जाते. घटनास्थळाचे जतन न करणे, ठसा जागेवर छायाचित्रित न करणे आणि संशयिताची निवड आधी करून पुरावा नंतर शोधणे या तीन चुकांचे ते ठळक उदाहरण मानले जाते. कायद्याच्या दृष्टीने सर हॅरी ओक्स यांची हत्या आजही न उलगडलेली आहे.